ताटावरचा हात

उत्पलानं ताटावर आडवा हात धरला आणि मालनच्या हातातली भाकर तशीच अधांतरी राहिली. भाकर नुकतीच तव्यावरून उतरली होती. पापुद्रा टम्म फुगला होता आणि वाफेचे चटके बोटांना बसत होते. पण ती खाली ठेवायची की परत टोपल्यात टाकायची, हेच मालनला सुधरेना. पोरगी रागावलेली नव्हती, रुसलेलीही नव्हती. "नको आई, झालं माझं," एवढंच ती म्हणाली. ताटात अजून अर्धी भाकर होती आणि पिठल्याचा ओघळ होता. चुलीत लाकूड तडकलं तशी मालन दचकली. ताट पुढं करणारे हात तिनं जन्मभर बघितले होते. लग्नातल्या पंगतीत, वस्तीतल्या मयताच्या जेवणात, दुष्काळी कामावर सुकडी वाटणाऱ्या बाबूच्या समोर, सगळीकडं हात पुढंच यायचे. ताट झाकणारा हात या घरात ती पहिल्यांदा बघत होती. मग ती हसली. "आगं, खा की. एका भाकरीनं काय डोंगर व्हणार हाय का तुजा?" उत्पलाही हसली. हात मात्र तिनं काढला नाही.

गोष्ट तशी साधी होती. आठवड्यापूर्वी सोलापूरची माणसं उत्पलाला बघून गेली होती. मुलगा टेलिफोन खात्यात कायम झालेला, बोलायला कमी, चहाची बशी दोन्ही हातांनी धरणारा. बोलायचं सगळं काम त्याच्या थोरल्या बहिणीकडं होतं. तिनं उत्पलाला चालून दाखवायला सांगितलं, बारावीचे मार्क विचारले, केसांची वेणी हातात घेऊन बघितली आणि शेवटी पोह्यांची बशी खाली ठेवत म्हणाली, "पोरगी गुणाची हाय. नाकीडोळी नीट हाय. जरा अंगानं भरली हाय एवढंच. काय गं, दिवसातनं किती वेळा जेवतीस?" सगळे हसले. मुलगा हसला, त्याचा मामा हसला, उत्पलाचा बाप मच्छिंद्र पायजम्याची घडी नीट करत हसला, आणि दाराआड उभी असलेली मालनही पदर तोंडाला लावून हसली. मुलीकडची माणसं अशा वेळी हसतात. उत्पला खाली बघत होती. ती हसली की नाही, हे मालननं बघितलं नव्हतं. बघायला पाहिजे होतं, हे आता चुलीपुढं बसल्यावर तिच्या ध्यानात आलं. जाताना ती बाई मालनच्या कानाशी लागली, "रातचं जेवण बंद करा. दिवसातनं एकदाच, पोटभर. दोन महिन्यांनी परत येतो आमी." मालननं मान हलवली होती. 'अंगानं भरली' हे तिला लागलं नव्हतं, पण कुठंतरी रुतलं होतं. पोरीच्या दंडावर, गालावर, पाठीवर जे मांस होतं ते मालननं घातलेलं होतं. भिंतीला पांढऱ्या मातीचा हात वर्षानुवर्षं द्यावा तसा, थरावर थर. बहात्तर साली आठ वर्षांची ती पोर म्हणजे नुसत्या काटक्या होत्या. त्या काटक्यांवर अकरा वर्षं लिंपण केल्यावर आता कुणी म्हणावं की भिंत जाड झाली!

मच्छिंद्र उस्मानाबादच्या खरेदी-विक्री संघात काट्यावर होता. गावोगावच्या गाड्या यायच्या, तो पोती चढवायचा, वजनं सरकवायचा, मोठ्यानं आकडा सांगायचा. ती नोकरी लागल्यापासून घरात ज्वारी कधी संपली नाही. कोपऱ्यात पोतं असायचंच, आणि येताजाता त्याला हात लावायची मालनला खोड होती. मुलीच्या नावाचाही मच्छिंद्राला त्या नोकरीइतकाच अभिमान. भंतेजींना विचारून त्यानं पोरीचं नाव उत्पला ठेवलं. गल्लीत ते कुणाला नीट म्हणता यायचं नाही, म्हणून सगळे तिला पली म्हणायचे. कॉलेजात गेल्यापासून पली पुस्तकातलं बोलू लागली होती. "म्या" गेलं, "मी" आलं. "व्हय" गेलं, "हो" आलं. मालनला ते आवडायचं. पोरगी आपल्यापासून एकेक शब्दानं लांब जाते आहे, पण वर जाते आहे, असं तिला वाटायचं. त्यामुळं रात्रीचं जेवण सुटलं तेव्हा तेही त्यातलंच एक असेल असं तिनं धरलं. शिकलेल्या पोरी बारीक असतात. मग सकाळची न्याहारी सुटली. मग दुपारच्या दोन भाकरींची एक झाली, एकीची अर्धी.

शेजारच्या खोलीत शिवगंगाबाई राहायच्या. सरकारी दवाखान्यात नर्स, मूळच्या नळदुर्गच्या, बोलताना मधेच कानडी हेल यायचा. त्यांनी मालनला नळावर गाठून सांगितलं, "मालनबाई, उपाशी ठेवून माणूस बारीक होत न्हाई हो, आजारी होतंय. दिवसातनं चार वेळा खाऊ द्या तिला, थोडं थोडं. पोटाला भ्या दाखवायचं न्हाई." मालनला हसूच आलं. चार वेळा! समोरच्या घरातली बाई म्हणते पहाटं गरम पाण्यात लिंबू, सोलापूरची म्हणते एकदाच, ही म्हणते चारदा. माहेरी तर कुणी जेवणं मोजत नव्हतं. चुलीत जाळ झाला की ते जेवण, नाही झाला की नाही. किती वेळा जेवायचं हे माणसानं ठरवायचं असतं, ही गोष्टच तिच्या कानाला नवी होती, आणि रिकामी घागर नळाखाली धरून ती बराच वेळ त्या नवेपणापाशीच थांबली. पाणी सांडून वाहायला लागलं तेव्हा शिवगंगाबाईंनी नळ बंद केला.

त्या दिवसापासून मालनला बना आठवू लागली. बना तिची धाकटी बहीण, बहात्तरच्या दुष्काळात सोळा वर्षांची. येडशीच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम निघालं तेव्हा दोघी बहिणी एकाच गँगवर होत्या. उत्पला त्यांच्यासोबत, दिवसभर खडीच्या ढिगाच्या सावलीत बसलेली. दुपारी सरकारी पिठाची सुकडी यायची, पिवळसर, गोड, खरखरीत. ती जिभेवर ठेवली की आधी तोंड भरून पाणी सुटायचं आणि मग पाण्यात ती विरघळून जायची. बना पहिल्यांदा आपली सुकडी चाटूनपुसून खायची. नंतर ती म्हणायला लागली, "मला नको अक्का. पलीला दे." मालन म्हणाली, "खा की गं." बना म्हणाली, "भूकच न्हाय." आणि मालननं दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या साली नको म्हणणारं माणूस सोन्याचं वाटायचं. बना हलकी झाली, हसरी झाली, डोळे मोठे आणि चकचकीत झाले. बाया म्हणायच्या, पोरगी उजळली. घमेलं उचलताना ती वाऱ्यावर आल्यासारखी चालायची. मग ताप आला आणि ती गेली. तापानं गेली, असं सगळ्यांनी म्हटलं. मालननंही तेच म्हटलं, आणि अकरा वर्षं म्हणत आली.

पावसाळ्यात भंतेजी आले. मच्छिंद्रानं त्यांना भोजनदान ठेवलं. भिक्खूंनी बारा वाजायच्या आत जेवायचं असतं, म्हणून मालननं पहाटेपासून चूल पेटवली. उत्पलानं वाढलं. तिच्या हातातलं पातेलं तिच्यापेक्षा जड दिसत होतं, पण चेहऱ्यावर काहीतरी शांत, उजेडासारखं होतं, आणि आलेल्या बायांनी ते मालनला बोलून दाखवलं. सगळे गेल्यावर मालन म्हणाली, "आता तरी बस जेवाया." उत्पला खरकटी भांडी गोळा करत म्हणाली, "भंतेजी एकदाच जेवतात, आई. त्यांचं काही बिघडतं का?"

"एकदाच जेवत्यात. पर चार भाकरी खाल्ल्यात त्येंनी. म्या थापल्यात, मला म्हाईत हाय."

उत्पला खुदकन हसली. क्षणभर ती जुनी पली होती. मग तिनं पातेलं उचललं आणि ती मागच्या दारी गेली. भांडी घासताना तिची मनगटं मालनला दिसली. काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या आणि हात खाली केला की खळकन परत येत होत्या.

सोलापूरची माणसं परत आली तेव्हा मुलाच्या बहिणीनं उत्पलाची हनुवटी धरली. "बगा, आता कशी चांदणीवानी दिसतीया!" सुपारी फुटली. लग्नाची तारीख निघाली. मालनच्या अंगावरनं एक मोठं ओझं उतरलं. ते ओझं लग्नाचं नव्हतं. आता पोरगी जेवेल, याचं होतं. पाहुण्यांच्या मोटारीची धूळ खाली बसायच्या आत तिनं शेवयांची खीर वाटीत काढली, वर तूप सोडलं आणि उत्पलापुढं ठेवली. "खा. ठरलं की आता. कुणाला दावायचं हाय?"

उत्पलानं वाटीवर हात धरला. "कुणाला दाखवायला नाही, आई."

"मग?"

उत्पलानं वाटी आईकडं सरकवली. खिरीवर साय धरेपर्यंत मालन वाटीकडं बघत राहिली. म्हणजे हे लग्नासाठी नव्हतं? मग कशासाठी होतं? भूक बाहेरून येते, हे तिला ठाऊक होतं. आभाळातून येते, रिकाम्या कणगीतून येते, मुकादमाच्या तोंडातून येते. पण ज्वारीचं पोतं कोपऱ्यात उभं असताना, तूप वाटीत असताना, ती घरातल्याच माणसाच्या आतून उठून यावी, हे तिनं कधी ऐकलेलं नव्हतं. कुणाला सांगायचं म्हटलं तर सांगणार काय? पोरगी खात नाही, एवढंच? लोक हसतील. म्हणतील, नशीबवान आहेस.

त्याच आठवड्यात उत्पला बापाचा डबा घेऊन संघात गेली. गर्दी नव्हती. लहान असताना चढायची तशी ती काट्यावर चढली आणि म्हणाली, "दादा, बघा बरं." मच्छिंद्रानं सवयीनं वजन सरकवलं, मग मागं घेतलं, मग आणखी मागं. संध्याकाळी घरी आल्यावर तो सदरा न काढताच भिंतीला टेकून बसला. "मालन," तो म्हणाला, "पली अर्ध्या पोत्याला कमी पडली. लई कमी." मोठ्यानं आकडा सांगणारा माणूस, त्यानं आकडा सांगितला नाही. मालननंही विचारला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं शिकेकाई उकळली आणि पोरीला न्हाऊ घालायला बसवलं. केसांत पाणी ओतून तिनं बोटं फिरवली, आणि बोटांबरोबर केस आले. एक पुंजका, मग दुसरा. न ओढता येत होते, भिजलेल्या भिंतीतून गवत निघावं तसे. मानेवरचे मणके एकापुढं एक उभे होते. उत्पला पुढं वाकून डोळे मिटून बसली होती आणि पुटपुटत होती, "पाणी गार झालंय का गं?" पाणी कढत होतं. मालनच्या हाताला पोळत होतं. तिनं मूठ उघडून बघितली आणि तो केसांचा गोळा घाईघाईनं मोरीच्या दगडाखाली ढकलला, जणू तोच कुणी बघितला तर सगळं खरं ठरणार होतं.

आणि मग दुपारी ते झालं. मालननं भाकरी कुस्करली, त्यात वरण ओतलं, घास केला, आणि पोरीचा जबडा डाव्या हातानं धरून उजव्या हातानं घास आत कोंबला. आपण असं करणार हे तिला घास तोंडात जाईपर्यंत माहीत नव्हतं. उत्पलानं हात झटकला नाही, चावलं नाही. घास गालात धरून ती उठली, मोरीपाशी गेली, थुंकली, चूळ भरली आणि परत येऊन समोर बसली. ओठाला वरण लागलेलं होतं. "आई," ती म्हणाली, आवाज अगदी सपाट, "त्या बाईनं मला विचारलं दिवसातनं किती वेळा जेवतेस. तुम्ही सगळे हसलात. तू पण हसलीस. लग्न करायचंय का, हे मला कुणी विचारलं? वेणीला हात लावू का, हे विचारलं? नोकरी करू द्याल का, हे त्यांना विचारा म्हणून मी दादांना सांगून ठेवलं होतं, ते कुणी तिकडं बोललं? या घरात माझं म्हणावं असं एवढंच आहे. खायचं का नाही. तेवढं तरी माझ्याकडं राहू दे."

मालनच्या बोटांना वरण लागलेलं तसंच वाळत गेलं. ती उठली नाही. पोरीच्या बोलण्यातला शब्द न् शब्द तिला कळला होता. तिला स्वतःला कुणी कधी विचारलं होतं? पण ते आता सांगून काय उपयोग होता. संध्याकाळी मच्छिंद्र आला तेव्हा तिनं चहाच्या आधी सांगितलं, "लगीन मोडा."

"येडी झालीस का? सुपारी फुटलीया. गावात तोंड दावायचं का न्हाय?"

"गावाला तोंड दावा. पोरीचं तोंड बगितलं का तुमी?"

तो चहा न पिताच उठला. मग सकाळच्या एस. टी. नं सोलापूरला गेला आणि दिवस कलायच्या आत परत आला. दारात चपला काढताना म्हणाला, "सांगून आलो." आणि थोडं थांबून, "त्यांची ती बाई म्हनली, आमी काय उपाशी ठेवा म्हणलो व्हतो का? जरा कमी करा म्हणलो. खरंच हाय. उपाशी ठेवा म्हनली नव्हती ती." उत्पला उंबऱ्याआड उभी राहून ऐकत होती. मालननं तिच्याकडं बघितलं. आता तिच्या तोंडावर उजेड पडेल, आता ती बसेल, ताट घेईल. उत्पला खरंच बसली. तिनं ताट घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला, चावत राहिली. चावत राहिली आणि तिच्या डोळ्यांत भीती आली. घास खाली उतरत नव्हता.

दोन दिवसांनी ती नळावर कोसळली. घागर घरंगळत गल्लीच्या टोकाला गेली. शिवगंगाबाईंनीच रिक्षा आणली आणि ड्युटी नसताना दवाखान्यात सोबत आल्या. सलाईन लागलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती बघितली, डोळे बघितले. आजार सापडला नाही. शिवगंगाबाई म्हणाल्या, "सापडायचा न्हाई. मालनबाई, आता चमच्यानं. पेज, माडगं, दोन चमचे, मग थांबायचं. परत दोन चमचे. दिवसातनं किती वेळा म्हणून विचारू नका." त्या उठून गेल्या आणि खाटेपाशी मायलेकी दोघीच राहिल्या. खिडकीतून दुपारचं ऊन पलंगाच्या लोखंडावर पडलं होतं.

"आई, मी सोंग करत नाही गं," उत्पला छताकडं बघत म्हणाली. "आधी भूक लागायची. लागली की मला बरं वाटायचं, जिंकल्यासारखं. आता लागतच नाही. जेवायचं म्हटलं तरी लागत नाही." मग थोड्या वेळानं, "बनामावशीला पण लागायची नाही ना? मला ती तिची सुकडी द्यायची. म्हणायची, पली, मला भूकच न्हाय. मला आठवतंय."

मालनचा चमचा वाटीवर आपटला. तिला वाटलं होतं, पोर लहान होती, विसरली असेल. अकरा वर्षं त्या विसरण्याच्या आधारावर ती निवांत झोपत आली होती.

"मग मावशी कशानं गेली?"

तापानं, हा शब्द ओठावर तयार होता. मालननं तो गिळला. "ताप नंतर आला," ती म्हणाली. "आदी भूक गेली. भूक गेली न् तिला कुणी माघारी बोलावलं न्हाय."

उत्पलानं मान वळवली. आईच्या तोंडाकडं बघत ती, पुस्तकातलं सगळं बोलणं गळून पडल्यासारखं, आठ वर्षांच्या आवाजात म्हणाली, "मला भ्या वाटतंय, आई."

"व्हय," मालन म्हणाली. तिनं चमचा पोरीच्या ओठाला लावला. "मला बी."

मग चमचे सुरू झाले. दवाखान्यात, मग घरी. हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, भाताची पेज, दुधात कालवलेला भाकरीचा पापुद्रा. कधी दोन चमचे आत राहायचे, कधी दोन्ही बाहेर यायचे. मालन रागावली नाही, विनवलं नाही, लाडही केले नाहीत. पुसून घ्यायची, थांबायची, परत चमचा भरायची. मच्छिंद्र घरात आला की आधी कोपऱ्यातल्या पातेल्यात किती उरलं ते बघायचा आणि मग चपला काढायचा. उत्पला निमूट तोंड उघडायची. चव विचारली की म्हणायची, मातीसारखी. भूक विचारली की मान हलवायची. मालनला वाटायचं, आपण एखाद्या आटलेल्या आडात पाणी ओततो आहोत. गेलेली भूक माघारी येते का, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. बनाची आली नव्हती.

एका दुपारी ती अंगणात ज्वारी निवडत बसली होती. मागं चाहूल लागली. उत्पला दाराच्या चौकटीला धरून वाकली होती, एक हात पोटावर, चेहरा पांढराफटक. "आई, पोटात कायतरी व्हतंय. आतनं कुणी वढल्यावानी. तुटतंय गं."

मालनच्या मांडीवरचं सूप उलटलं. ज्वारी अंगणभर झाली. झालं, तिच्या मनात आलं, एवढं करून झालं. "शिवगंगाबाई!" ती ओरडली, पण शिवगंगाबाई ड्युटीवर होत्या. तिनं पोरीला उंबऱ्यावर बसवलं, तिचा हात बाजूला सारला आणि पोटावर आपला तळवा ठेवला. पातळ कातडीखाली काहीतरी हललं. मग गुरगुरलं. लांबलचक, रागीट, घरातल्या सगळ्या शांततेत ऐकू येईल असं. मालन तशीच बसून राहिली. तळव्याखाली ते परत गुरगुरलं. 

"पली," ती म्हणाली, "ती भूक हाय."

उत्पलानं भेदरलेल्या डोळ्यांनी तिच्याकडं बघितलं. "लई दुखतंय गं."

"व्हय पोरी," मालन म्हणाली. "लई दुखतंय."